पार्टग्रस्ताचे निवेदन

चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा. या घरात सध्या तेवढ्याच एका तक्रारीचं निवारण होऊ शकतं. आणि बसा त्या ओंडक्यावरच, संकोच करू नका. विषयांकित प्रकरण म्हणजे तो ओंडकाच.

बाभळीचा आहे. वळवाच्या वाऱ्यात बांधावरची बाभळ आडवी झाली, तेव्हा मंडळी म्हणाली, "झोपाळ्याला एक फळी होईल." मागणी एवढीच होती, एक फळी. ओंडका ट्रॉलीत घालून आरागिरणीवर न्यायचा तर भाडंच फळीच्या वर जात होतं. म्हणून मी दूरदृष्टीनं पेट्रोलवरचं लाकूड कापायचं मशीन घेतलं, 58 सीसीचं, वीस इंची पट्टीचं. सोबत फळ्या पाडायची लोखंडी चौकट. ओंडक्यावर शिडी आडवी टाकायची, चौकटीत आवळलेलं मशीन तिच्यावरून ढकलत न्यायचं, की खाली फळी सुटते. व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाची तर सुटलीच होती. पण त्याचं लाकूड चिडाचं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला जी वापरायचे ती बाभळ.

दोन हात गेल्यावर धूर निघाला. लाकडातून निघाला की मशीनमधून, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. साखळी बोथट झाली होती, ताणून लोंबत होती आणि तिला फिरवणाऱ्या सात दात्यांच्या चक्राला खाचा पडल्या होत्या. म्हणजे एक साखळी आणि एक चक्र हवं होतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय. मीही तसंच म्हणालो होतो.

टेंभुर्णीला गेलो. दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, मशीन आणलंय का?" मी साखळी नेली होती, चक्र नेलं होतं, पट्टी नेली होती. मशीन घरी होतं. दुसऱ्या दिवशी मशीन नेलं. "कंपनी कुठली?" मशीनवर कंपनीचं नाव होतं, पण पेट्रोल सांडून स्टिकर विरघळला. आता फक्त 'प्रो' एवढं उरलंय. दुकानदारानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असला पार्ट कंपनीकडंच मिळतो." कंपनी कुठाय? "चीनला."

याच दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, एका पोरानं पंपाचा इम्पेलर मागितला. मिळाला. बुश मिळाला. ग्लँडची दोरी मिळाली, स्टार्टरची कॉइल मिळाली, फुटव्हॉल्व्ह तर तीन कंपन्यांचा दाखवला. उजनी धरणाच्या काठी मोटार जळाली तर रात्री अकरा वाजता वाइंडिंगवाला दार उघडतो. माझा आक्षेप मोटारीला नाही. धरण आलं, पाणी आलं, मोटारी आल्या, ऊस आला, केळी आली, ते सगळं रीतसर झालं. पण त्या क्रमात माझ्या मशीनचं पुनर्वसन कुठेच दाखवलेलं नाही. आमच्या आजोबांची जमीन पाण्यात गेली तेव्हा ते धरणग्रस्त झाले. त्यांना निदान एक दाखला मिळाला. मी पार्टग्रस्त आहे, आणि या प्रवर्गाला दाखला मिळत नाही.

साखळीला तीन आकडे असतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुमचं नशीब चांगलं. पहिला पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन. दुसरा गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेत उतरणाऱ्या कड्यांची जाडी. तिसरा त्या कड्यांची संख्या. माझे आकडे .325, .058 आणि 76. आधार नंबर मला अजून बघून सांगावा लागतो. शिवाय बाजारात मिळते ती साखळी आडवं कापायची, तिचे दात साधारण 30 अंशांत घासलेले. लाकूड उभं चिरायचं तर दात 10 अंशांच्या आसपास हवेत. म्हटलं, तोवर घरीच घासू. त्यासाठी 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. इंदापुरात मागितली, तर तिकोनी दिली. मी म्हणालो, गोल हवी होती. "फिरवत फिरवत घासा की," तो म्हणाला.

इंदापूरचंही सांगतो. आमच्या बांधावरून पाण्यापलीकडचा इंदापूर तालुका दिसतो. रात्री दिवे मोजता येतात. पण कानशीसाठी तिकडे जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. मी दोनदा घातला. दुसऱ्यांदा तिकोनी कानस परत करायला गेलो होतो. विकलेला माल परत घेतला जात नाही, अशी पाटी होती. ती पहिल्या वेळी नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पुणे, नाना पेठ. तिथं मोटारगाडीचा कुठलाही अवयव मिळतो, म्हणून गेलो. एका सज्जन माणसानं साखळी हातात घेऊन कौतुकानं फिरवली आणि म्हणाला, "ही शंभर फुटांच्या रोलमध्ये येते. रोलच घ्या, स्वस्त पडेल." मला लागते साधारण चार फूट. उरलेल्या शहाण्णव फुटांत मी काय बांधणार होतो? "मग नवीन मशीनच घ्या की." हे वाक्य मला आतापर्यंत चार तालुक्यांत ऐकवण्यात आलंय.

ऑनलाइन मागवलं. पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही. टेंभुर्णीतल्या पाहुण्यांचा पत्ता दिला. फोन आला, "दादा, रोडला या." रोडला गेलो. साखळी आली होती. या ओंडक्यालाच टेकून, इथंच बसून, कडीकडीला खडूची खूण करत मोजली. बहात्तर. मंडळीनं मोजली, बहात्तर. शाळेतून आलेल्या पोरानं मोजली, त्याची एकाहत्तर भरली, ती आम्ही बाद ठरवली. परत पाठवायचं कारण विचारलं होतं, त्यात पर्याय असे: रंग आवडला नाही, माप मोठं झालं, विचार बदलला. चार कड्या कमी आहेत, असा पर्याय नव्हता. मी 'विचार बदलला' निवडलं. सहीनिशी खोटं बोलायला लावलं हो मला.

हिशेब सांगतो. मशीन साडेसहा हजारांचं. पेट्रोल, एसटी, वळसे, चुकीची साखळी, तिकोनी कानस मिळून आजवर सात हजार दोनशे. उजनीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या धरणात 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं तळाचं 63 टीएमसीहून जास्त मृत साठा, आणि मोजणी त्याच्या वरून सुरू होते. त्यामुळं पाणी डोळ्यांना दिसत असतं आणि कागदावर धरण उणे असतं. 2024च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांपर्यंत गेलं. माझं मशीनही असंच. समोर दिसतं, चालू होतं, आवाज करतं, आणि साठा उणे. त्या उन्हाळ्यात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर आलं, लोक गाड्या करून बघायला गेले. चाळीसहून जास्त वर्षं पाण्यात असलेलं हेमाडपंती मंदिर जिथं वेळेवर बाहेर येतं, तिथं सात दात्यांचं एक चक्र बाहेर येऊ नये?

शेजारचे आप्पा म्हणाले, "तवर वंडका पाण्यात टाक, भुंगा लागायचा न्हाई." जुन्या लोकांची रीत आहे ती, बाभळ पाण्यात मुरवायची. टाकला. आठ दिवसांत पाणी मागं गेलं आणि ओंडका गाळात कोरडा. लोक मोटारी ढकलत खाली नेतात तसा मीही ओंडका ढकलत होतो. मोटारवाले हसले. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा ढकलताना कंबर धरली, तेव्हा बैल जुंपून घरी आणला.

या साखळीचा जन्म कसा झाला, ते वाचलंय मी. अमेरिकेत ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. 1946 साली त्यानं एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड खाताना पाहिली. अळीचे जबडे डावी-उजवीकडे कातरत, लाकूड आडवंही खात, उभंही खात. त्यावरून त्यानं साखळीचा दात केला. आज जगभर फिरणारे दात त्याच घडणीचे. माझाही. अळीला पिच विचारावा लागत नाही, गेज लागत नाही, तिकोनी कानस तर नाहीच.

जरा पाय उचला. तिथं खाली, हां, ते पिवळं पीठ दिसतंय? भुंगा लागलाय. रोज सकाळी चिमूटभर पडतं. मी झाडून घेतो आणि काडी घालून भोक किती खोल गेलं ते बघतो. काल दोन बोटं होतं. आज अडीच भरलं.