माशी द्या, तिचा स्क्रूही द्या

रायफल विकणाऱ्याने माशी, म्हणजे नेम धरायची पुढची साइट, सुटी विकली पाहिजे, आणि माशी विकली तर ती बसवायचा स्क्रूही सोबत दिला पाहिजे. माझी तक्रार एवढीच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीसारख्या गावात पोरांना नेमबाजी शिकवणाऱ्या कुणालाही ती पटेल.

आमच्याकडची पोरे ओपन साइटच्या एअर रायफलवर शिकतात. शालेय स्पर्धांत हा स्वतंत्र प्रकार आहे. पीप साइटची, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची, परदेशी रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते, आणि कापूस-सोयाबीनवर घर चालवणाऱ्या बापाला ती परवडत नाही. ओपन साइटचे काम सरळ आहे: मागे खाच, नळीच्या टोकाशी उभी माशी, दोन्ही एका रेषेत आणायच्या आणि छर्रा सोडायचा. माशी ज्या ठोकळ्यावर असते तो स्वस्त रायफलींत बहुधा प्लास्टिकचा किंवा हलक्या धातूचा असतो. भिंतीला टेकवलेली रायफल घसरली की तिचे तोंड फरशीवर आपटते आणि सगळ्यात आधी हाच ठोकळा तुटतो. बनवणाऱ्यालाही हे ठाऊक असणार. तरीही विचारले की उत्तर येते, सुटा मिळत नाही, पुढची-मागची दोन्ही साइट असलेला सेट घ्या. मागची साइट धडधाकट असताना तिचे पैसे का मोजायचे, हे कुणी सांगत नाही.

शेवटी एक ठोकळा मिळाला, पण तो येता येता अडकला. पाकिटावर ‘रायफल पार्ट’ लिहिले होते, म्हणून पार्सलवाल्याने परवाना मागितला. त्याच्या शंकेचे कारण मला समजते. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आमच्याच तालुक्यात आहे, आणि ३१ मे २०१६च्या पहाटेची तिथली आग या भागात कुणी विसरलेले नाही. शस्त्र म्हटले की माणूस इथे सावध होतो, आणि ते योग्यच आहे. पण ०.१७७ इंच नळीच्या, २० ज्युलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. विकणाऱ्याने पाकिटात तेवढी एक ओळ छापून टाकली असती तर हेलपाटे वाचले असते.

पाकीट उघडले तर आत फक्त ठोकळा. त्याला नळीवर आवळणारा बारीक ग्रब स्क्रू नाही, त्याची ॲलन की नाही, माहितीचा कागदही नाही. जुना स्क्रू गंजलेला, त्याचे डोके आतून गोल झालेले. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात पंपाचे, कुलरचे, दरवाजाचे सगळे स्क्रू मिळतात. हा मिळत नाही. दुकानदाराने दोन-तीन डबे उपसून पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, याचे आटे येगळे हायेत. नागपूरले पाहा.” त्याचा काहीच दोष नाही. स्क्रू किती मिलिमीटरचा आणि आटे कोणत्या मापाचे, हे ठोकळा बनवणाऱ्याने कुठेही लिहिलेले नाही. जवळपास बसणारा स्क्रू जोर लावून फिरवला तर ठोकळ्याचे आटे जातात आणि नवा भागही वाया जातो.

एवढ्याशा भागाचा इतका बाऊ कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी हिशेब पाहावा. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरने बाहेर जाते. मागची खाच आणि माशी यांत ४५ सेंटिमीटर अंतर धरले, तर माशीची चूक लक्ष्यावर सुमारे २२ पट होते. माशी एक दशांश मिलिमीटर सरकली की छर्रा दोन मिलिमीटरहून जास्त हटतो, म्हणजे जवळजवळ एक गुण गेला. ठोकळा नळीभोवती फक्त दोन अंश तिरका बसला आणि माशीचे टोक नळीच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर उंच असले, तर छर्रा १५ मिलिमीटर बाजूला पडतो. म्हणजे सहा रिंग. शिवाय मूल ती तिरकी माशी सरळ दिसावी म्हणून अख्खी रायफल कलती धरायला शिकते. ती सवय मोडायला पुढे फार वेळ जातो.

उंचीचेही तसेच आहे. नवी माशी जुनीपेक्षा किंचित उंच असली तर छर्रे खाली लागतात, बुटकी असली तर वर. मग मागची खाच फिरवत राहायचे, आणि कधी कधी तिचा स्क्रू शेवटाला पोचतो तरी नेम जुळत नाही. ठोकळ्यावर माशीची उंची कोरलेली असती तर मागवतानाच हे कळले असते.

बसवायची रीत अवघड नाही. जुना ठोकळा काढण्याआधी नळीवर त्याच्या कडांची खूण करावी. रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती पाणसळीने सपाट बांधावी, समोर ओळंबा सोडावा आणि माशी त्या दोऱ्याशी जुळवून मगच स्क्रू आवळावा. नंतर टेकू देऊन काही छर्रे मारावेत. ते उजवीकडे लागत असतील तर ठोकळा उजवीकडेच सरकवायचा, डावीकडे लागत असतील तर डावीकडे, कारण माशीची दिशा मागच्या खाचेच्या उलट चालते. हे सगळे एका कागदावर, मराठीत, दोन चित्रांसह मावते. तो कागद नसतो, म्हणून लोक माशी गोंदाने चिकटवतात. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. गोंद मऊ पडतो, माशी हळूच सरकते आणि मुलाला वाटते आपलाच हात हलतो.

एवढ्याशा भागापायी मुलांचा सराव बिघडतो, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा गावोगावच्या पोरांनी रायफल हातात घेण्याचा हट्ट धरला. देवळीत कुस्तीला मान आहे. आता नेमबाजीकडेही मुले-मुली वळत आहेत. कुस्तीगिराला आखाडा आणि खुराक मिळाला तर तो वाढतो, पण नेमबाजाचे साधन बिघडले की त्याचा सराव त्याच दिवशी थांबतो. आणि इथे तो एका स्क्रूवाचून थांबतो.

रायफल बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी माशीचा ठोकळा सुटा विकावा. सोबत स्क्रू, ॲलन की, मापे आणि मराठी कागद द्यावा. क्रीडा खात्याने प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात एअर रायफलच्या सुट्या भागांचे एक कपाट ठेवावे. यात मोठा खर्च नाही. हे होईपर्यंत पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती: रायफल भिंतीला टेकवू नका, आडवी ठेवा. आणि मुलाचे गुण एकाएकी उतरले, तर त्याला बोलण्याआधी माशी तपासा.