पूल मुलांचा, बादली बाबांची

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायची स्पर्धा शाळेने जाहीर केली की बाबा लोक रजा टाकतात. नियम साधा. काड्या आणि फेविकॉल, बाकी काही नाही. पुलाच्या मध्यावर बादली टांगून तिच्यात वाळू ओतत जायची; ज्याचा पूल सगळ्यांत शेवटी मोडेल, तो जिंकला. गट कागदावर सहावी ते आठवी. प्रत्यक्षात पूल मोडल्यावर पोरं टाळ्या पिटतात, कारण मोडताना आवाज झकास येतो. डोळ्यांत पाणी येतं ते मागच्या रांगेत उभ्या असलेल्या सिव्हिल इंजिनिअरच्या.

‘‘यात सगळीकडे त्रिकोणच का घेतलेस, बाळ?’’ परीक्षक विचारतात.

‘‘बाबांना विचारून सांगतो, सर.’’

पहिलं बक्षीस.

खरं तर याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. अरविंद गुप्तांची जुनी युक्ती आहे: सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्यायचे, त्यांत आगकाड्या खोचायच्या. चौकोन केला तर बोट लावताच कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. कैचीचे पूल आणि छपरांच्या कैच्या याच जोरावर उभ्या असतात. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी वर्षानुवर्षं असल्याच टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण या पद्धतीत एक मोठा दोष आहे. खर्चच होत नाही! पाहुण्यांना काय दाखवणार, आगपेटी?

त्यापेक्षा अटल टिंकरिंग लॅब बरी. 2016 पासून केंद्र सरकारचं शाळेमागे 20 लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर येतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो. मग काही ठिकाणी पोरांनी हात लावून बिघडवू नये म्हणून खोलीला कुलूप बसतं. यंत्र अजून कोरं करकरीत आहे, यापेक्षा शिस्तीचा आणखी काय पुरावा हवा?

दिवाळीतला किल्ला तेवढा अजून मुलांच्या हातात होता. चिखल असल्यामुळे पालक लांब राहायचे. बुरूज ढासळायचा, सलाईनच्या नळीचं कारंजं थुंकायचं, पेरलेले अळीव एकाच बाजूला उगवायचे. आता प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात, तेव्हा तीही काळजी मिटली.

आयोजकांना एकच विनंती. पुढच्या वर्षीपासून खुला पालक गट ठेवा, आणि नियमावलीत ठळक छापा: पूल बांधताना मुलांची मदत घेतल्याचं आढळल्यास प्रवेशिका बाद.