भाडेकरू हवा, पण हा नको

जर्सी सिटीत जुनं टू-फॅमिली घर विकायला निघालं की ओपन हाउसला आपली मराठी मंडळीही हजर. खाली मालक, वर भाडेकरू, अंगणाच्या नावाने बोंब. पण हिशेब तोंडपाठ: वरच्याच्या भाड्यात हप्ता परस्पर निघतो!

सरकारचीही या हिशेबाला फूस आहे. स्वतः राहणार असाल तर चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर सरकारी हमीचं एफएचए कर्ज मिळू शकतं. बाकीचं वरच्याच्या जिवावर.

आणि जाहिरातीच्या तळाशी काय असतं? 'घर रिकामं करून मिळेल.'

भाडेकरू हवा, पण हा नको. याचं भाडं जुन्या काळातलं आहे.

मग कायदा झोपलाय का? छे, टक्क जागा आहे. शहरात भाडेनियंत्रण आहे. पण चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या घराला ते लागू नाही. सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही, असं न्यू जर्सी राज्याचा 1974 चा कायदा बजावतो. पण मालक तिथेच राहत असेल आणि भाड्याची बिऱ्हाडं दोनपेक्षा जास्त नसतील, तर तोही हात वर करतो.

बरं, शहराच्या जर्नल स्क्वेअर भागातले ते नवेकोरे टॉवर? त्यांना 1987 च्या कायद्याने 30 वर्षांपर्यंत भाडेनियंत्रणातून सूट घेता येते. लहान सुटला लहान म्हणून, मोठा सुटला नवा म्हणून.

सापडला कोण? वरचा.

त्याच 1987 मध्ये या शहरात 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी भारतीयांना हुसकावायला निघाली होती. आपल्यामुळे म्हणे परिसर बिघडत होता! आज नूअर्क ॲव्हेन्यूवरची डोशाची आणि मिठाईची दुकानं जाहिरातीत 'आकर्षण' म्हणून झळकतात. माणसं तीच, मसाला तोच. फक्त पाथ ट्रेनने मॅनहॅटन गाठणाऱ्यांना इथलं भाडं परवडायला लागलं.

गिरगावातल्या पागडीच्या खोलीवर तीन पिढ्या हक्क सांगणारे आपण. हडसन नदीकाठी पोचलो की भाडेकरूचा हक्क अचानक 'कटकट' कसा होतो?

परिसर सुधारल्याचा आनंदही फार टिकत नाही. शहराने 1988 नंतर घरांचं फेरमूल्यांकन केलं ते थेट 2018 मध्ये. तीस वर्षं जुन्या भावाने कर भरणारे डाउनटाउनमधले कित्येक मालक बिल बघून मटकन खाली बसले. घराचा भाव वाढलेला सगळ्यांना हवा असतो, फक्त महापालिकेला तो कळायला नको.

आणि जाहिरातीतलं ते 'सुसज्ज' बेसमेंट! कोपऱ्यात डीह्युमिडिफायर घरघरतोय, भिंतीला गुडघ्यापर्यंतच ताजा रंग. गुडघ्यापर्यंतच का बरं? मार्च 2024 पासून न्यू जर्सीत पुराची माहिती विक्रेत्याने लेखी देणं सक्तीचं आहे. रंगाचा डबा त्याहून स्वस्त पडतो.

तेव्हा छत बघा, बॉयलर बघा, बेसमेंट हुंगून बघा. आणि दारावरची वरच्या मजल्याची बेलही दाबा. 'तुम्ही आता कुठे जाणार?' एवढंच विचारा.

मग घर घ्यायचं तर जरूर घ्या. परिसर सुधारल्याचं श्रेय मात्र घेऊ नका. त्याचं बिल वरच्याने भरलंय.