सर्वणचे तीन सूर्यास्त

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या पुतण्याने गोव्यातल्या आमच्या सर्वणच्या घरी ओसरीवर, खोल्यांत आणि परसात स्मार्ट बल्ब लावले. "काका, आता बटणाला हात लावायचा नाही. सूर्य मावळला की आपोआप पेटतील." तो पुण्याला गेला आणि आमच्या घरात रोज तीन सूर्यास्त होऊ लागले.

पहिला ॲपचा. ॲप गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडते. सूर्याची वरची कड क्षितिजाखाली गेली की सूर्यास्त. हिशेब चोख. नोव्हेंबरअखेरचा सूर्यास्त 21 डिसेंबरपेक्षाही लवकर, सहाच्या सुमारास होतो, हेही त्याला ठाऊक. पण त्याचे क्षितिज मिरामारच्या समुद्रासारखे सपाट! आमच्या घरापुढे डोंगर. त्यात हा डिचोली तालुका. इथे खाण एक डोंगर उतरवते आणि खनिजाचा डंप दुसरा उभा करतो.

दुसरा सूर्यास्त कालनिर्णयातला, म्हणजे मुंबईचा. मुंबई आमच्या उत्तरेला, त्यामुळे जूनमध्ये तिथला सूर्य दहाएक मिनिटे जास्त रेंगाळतो आणि डिसेंबरात दोन-तीन मिनिटे आधीच कल्टी मारतो.

तिसरा आईचा. तुळशीपुढची रांगोळी दिसेनाशी झाली की तिन्हीसांज. आषाढात ढग उतरले की ती साडेपाचलाच होते. ॲपच्या मते तेव्हा दीड तास दिवस शिल्लक असतो. आई दिवा लावायला बटण दाबते. ते आधीच चालू असल्यामुळे बंद होते. मग सात वाजून आठ मिनिटांनी ॲप पेटण्याचा हुकूम सोडते आणि बल्बपर्यंत वीजच पोचत नाही.

मी 'सूर्यास्तापूर्वी 25 मिनिटे' अशी तडजोड काढली. आई म्हणाली, "पंचवीसच का? ढग घड्याळ बघून येतात काय?"

श्रावणात आणखी एक गंमत कळली. गेलेली लायट परत आली की हे बल्ब थेट पूर्ण तेजाने पेटतात. ॲप नसले तरी बटणावर दिवा लागावा म्हणून कंपन्या मुद्दामच तशी सोय ठेवतात. एका रात्री दोन वाजता लायट आली आणि घर ओसरीपासून परसापर्यंत झगमगले. आम्ही गाढ झोपेत. सकाळी शेजारचे दादा गाल फुगवून दारात. "रात्री तुमच्याकडे भजन होते, आणि आम्हाला साधे सांगितलेसुद्धा नाही?"

"ती तालीम हो," आई शांतपणे म्हणाली. "भजन सोमवारी. याल ना?"

मी सध्या पखवाजवाला शोधतो आहे.