दाळीला ताप आलाय का?

सेनगावात गल्लीगणिक एक तरी निवृत्त गुरुजी सापडतात, आणि गुरुजी म्हटले की विजेच्या बिलांची फाइल आलीच. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, त्याच्याही आधीची बिलं तिच्यात टाचून ठेवलेली असतात. तालुका हळदीचा, सोयाबीनचा, तुरीचा. हाती पैसा येतो वर्षातून एकदा-दोनदा आणि जातो मात्र रोज. त्यामुळं काटकसर इथं कुणाला शिकवावी लागत नाही. ती कशात करायची, यावर मात्र घराघरात दोन पक्ष असतात.

अशाच एका घरातल्या गुरुजींचा दात मोबाइलच्या चार्जरवर आहे. फोन काढून नेला आणि बटण चालूच राहिलं की नातवाची शिकवणी सुरू. खरं तर रिकामा चार्जर महिनाभर भिंतीला लटकत राहिला तरी पाव युनिटही जाळत नाही. शिकवणी चालते ती डोक्यावरच्या ७५ वॅटच्या जुन्या पंख्याखाली. तो रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट खातो. नव्या बीएलडीसी पंख्याचं तेवढंच काम जेमतेम ११ युनिटांत होतं. पण जुना पंखा अजून मोडलेला नाही, आणि न मोडलेली वस्तू बदलणं म्हणजे गुरुजींच्या दृष्टीनं चैन.

बल्बच्या बाबतीत मात्र ते काळाबरोबर चालले. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले, आणि घरातले ६० वॅटचे पिवळे बल्ब जाऊन ९ वॅटचे पांढरे आले. रोज पाच तासांच्या हिशेबानं एका बल्बमागं महिन्याला नऊ युनिट लागायचे, ते दीडच्या आत आले. ही बचत खरी. तिचा फायदा दुहेरी, कारण १०० युनिटांपर्यंतचा दर वेगळा आणि पुढचा चांगलाच चढा. महिनाअखेर मीटरचा आकडा ९५ च्या पुढं सरकायला लागला की गुरुजी अंधारात जेवायची भाषा करतात. येलदरीचं धरण जिंतूरच्या वाटेवर, तिथं पूर्णेच्या पाण्यावर वीजही तयार होते. पण वीज शेजारी तयार झाली म्हणून बिल काही शेजारधर्म पाळत नाही.

महावितरणची 'गो ग्रीन' योजना गुरुजींना फार आवडली. कागदी बिल नको म्हणायचं, ईमेलवर घ्यायचं, दर बिलामागं दहा रुपये सूट. वर्षाचे १२० रुपये! त्यांनी पहिल्या झटक्यात नोंदणी केली. आता बिल ईमेलवर येतं आणि गुरुजी बसस्टँडजवळ जाऊन दहा रुपयांत त्याची प्रिंट काढून आणतात. फाइल अपुरी राहून कसं चालेल?

गुरुजींच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, काटकसर चुलीजवळची. तूरदाळ अर्धा तास आधी भिजत घालायची, पातेल्यावर झाकण ठेवायचं, उकळी फुटली की गॅस बारीक. उकळतं पाणी साध्या पातेल्यात १०० अंशांच्या वर जात नाही. पुढचा सगळा मोठा जाळ वाफ होऊन छताला लागतो. हे काकूंना कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. त्यांचा खरा हातखंडा कुकरचा आहे. दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि गरम कुकर जुन्या वाकळीत गुंडाळून कोपऱ्यात. आतली उष्णता आतच कोंडते आणि भिजलेली दाळ बिनगॅसची शिजत राहते. वाकळीतून फक्त शिट्टी तेवढी बाहेर डोकावते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा गुरुजी दारातच थबकले.

"काय करायलीस? दाळीला ताप आलाय का?"

"तिला नाही, तुमच्या गॅसच्या खर्चाला आलाय. उतरवायले."

त्यानंतर गुरुजींनी कुकरचा विषय काढलेला नाही.

सांडपाण्याचंही तसंच. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, न्हाणीचं केळीला, उरलेलं शोषखड्ड्यात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी या गावानं घराघरापुढं असे शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, आणि त्या खड्ड्यांना 'मॅजिक पिट' असं भारदस्त नाव मिळालं. काकू त्याला खड्डाच म्हणतात.

उन्हाळ्यात मराठवाड्याची हवा भाजून काढते, पण कोरडी असते हा तिचा एक गुण. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना थंडावा देऊन जातं. माठ याच जोरावर गार होतो आणि कूलरही. म्हणून दमट मुंबईत कुचकामी ठरणारा २०० वॅटचा कूलर इथं दीड टनी एसीच्या तोंडात मारतो. एसीला वीज लागते त्याच्या सातपट तरी.

पुण्याहून मुलगा आला, तो मात्र पर्यावरण विकत घेऊन आला. बांबूचे ब्रश, तांब्याची बाटली, स्टीलच्या नळ्या, आणि 'प्लास्टिकला नाही म्हणा' असं छापलेली, प्लास्टिकच्या वेष्टनातली कापडी पिशवी. किंमत बघून काकूंनी ती कपाटात घडी घालून ठेवली, वापरून खराब व्हायला नको म्हणून. बाजाराला त्यांची पिशवी ठरलेली: मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक बंदी आली तेव्हा गुरुजींच्या खाकी पँटची शिवलेली. तिला मागचा खिसा अजून आहे, गुंडीसकट. त्यात सुट्टे पैसे आणि कोथिंबीर वेगळी राहते. खाली शिवण दुहेरी, दहा किलो ज्वारी पेलते. फक्त गुरुजींना आपलीच पँट कांद्यांनी फुगलेली बघवत नाही.

जाता जाता मुलानं छतावरच्या सौरऊर्जेचा विषय काढला. "अण्णा, फेब्रुवारी २०२४ पासून सूर्यघर योजना आहे. दोन किलोवॅटला ६० हजार अनुदान, तीनला ७८ हजार." गुरुजींनी फाइलच्या पाठीवर गणित मांडलं. एका किलोवॅटला दिवसाकाठी साधारण चार युनिट, म्हणजे तीनला महिन्याचे साडेतीनशेच्या घरात. त्यांचा चेहरा असा उजळला की मुलानं लगेच माप घेणारा माणूस बोलावला. तो म्हणाला, किलोवॅटमागं शंभर चौरस फूट तरी मोकळी गच्ची लागेल, सावली नको.

तेव्हा काकू जिन्यातून वर आल्या. गच्चीवर कुरडया होत्या, पापड होते, एका बाजूला हळकुंडं. या घरात सौरऊर्जा लग्नापासून त्यांच्याच ताब्यात होती, तीही अनुदानाविना.

"तीनशे फूट तुमच्या काचांना दिले तर माझं वाळवण कुठं घालू? तुमच्या फाइलवर?"

माप घेणाऱ्यानं टेप गुंडाळला. गुरुजी हळूच म्हणाले, "दोन किलोवॅटच लिहा. आणि त्या काचा जरा उंच बसवता आल्या तर बघा, खाली लोणच्याच्या बरण्या मावतील एवढ्या."