वारा फुकट, वेड इंजिनाचं

तुमच्या कानावर आलंय की नाही ठाऊक नाही, पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर भल्या घरच्या माणसांचं भलतंच काहीतरी चाललंय. साउथॅम्पटन आणि आयल ऑफ वाइट यांच्यामध्ये सोलेंट नावाचा समुद्राचा पट्टा आहे. तिथे शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांची नुसती गर्दी. बोट का घेतली म्हणून विचारा, डोळे अर्धे मिटून सांगतील: वारा, शांतता, पाण्याची सळसळ. इंजिनाची घरघर नको म्हणून तर शीड! ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी सात्त्विक माणसं.

आता याच सात्त्विक माणसांच्या शेजारच्या टेबलावर संध्याकाळी जाऊन बसा. वाऱ्याचा 'व' कुणी काढला तर शपथ. तीन-तीन तास बोलणं चालतं ते डिझेल फिल्टरचं, कूलिंग पंपाचं, गास्केटचं. एकाचा आवाज दाटून येतो, दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. लग्न शिडाशी लागलंय आणि जीव सगळा इंजिनात! आणि लपवाछपवी म्हणाल तर नावाला नाही.

तसं पाहिलं तर ते इंजिन केवढंसं. तीस फुटी बोटीत खाली उतरायच्या पायऱ्या असतात, त्या उचलल्या की मागच्या अंधारात ते दबा धरून बसलेलं. वीस-तीस हॉर्सपॉवर म्हणजे डोक्यावरून पाणी. पण ते लागतं, हे खरं. मरिनाच्या बोळकंडीत बोट वळवायची, भरती-ओहोटीची ओढ उलटी असताना मुक्कामी पोचायचं, वारा पडला तर सोमवारी ऑफिस गाठायचं, या सगळ्याला शीड पुरत नाही.

नाही म्हणायला जुन्या लोकांचं चाललं. जोशुआ स्लोकम नावाचा गृहस्थ 1895 ते 1898 या काळात 'स्प्रे' नावाच्या बोटीतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिलाच. बोटीवर इंजिन नाही, आणि वेळ बघायला डॉलरभर किमतीचं पत्र्याचं घड्याळ. इंजिनच नाही, तर त्याची तक्रार कुठून आणणार? बिचाऱ्याला वादळं नि बेटं यांच्यावर पुस्तक लिहून भागवावं लागलं. अगदी अलीकडे लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपंही बिनइंजिनाच्या बोटीतून जगभर हिंडलं. अशांविषयी या मंडळींना आदर फार, पण जेवायला बोलावलं तर बोलायचं कशावर, हा प्रश्नच आहे.

कारण या समाजात पत असते ती बिघाडाला. मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर ज्याची शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल आणि गुडघेही स्वतःचे, त्याला जसं कुणी तोंड उघडू देत नाही, तशी गत इथे सुरळीत इंजिनवाल्याची. "आमचं काय, किल्ली फिरवली की सुरू होतं," असं कुणी म्हणालं की टेबलावर शांतता पसरते. कुणीतरी हळूच विचारतं, "किती वर्षं झाली घेऊन?" त्या सुरात आशा असते.

सगळ्यात मानाची कथा म्हणजे बंदराच्या तोंडाशी बंद पडलेल्या इंजिनाची. समोर खडकांचा बांध, मागून लाटा, शीड उतरवून गुंडाळलेलं, आणि नेमकं तेव्हाच इंजिन दोन आचके देऊन गप्प. नेमकं तेव्हाच का? आम्हाला वाटलं, नशीब. पण यात नशिबाचा काही संबंध नाही म्हणे. टाकीच्या तळाशी दमटपणाचं पाणी साठतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजंतू संसार थाटतात आणि त्यांचा काळा बुळबुळीत गाळ होतो. शांत पाण्यात तो गाळ तळाशी पडून असतो. बंदराच्या तोंडाशी बोट गदगदा हलली की तो ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन उपाशी मरतं. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गरज तिथेच दगा, हे अगदी शास्त्रशुद्ध! एवढं कळल्यावर माणसाने टाकी धुवावी की नाही? छे. ती कथा मग पुढच्या मोसमात सांगणार कशी?

आमची एक मावसबहीण तिकडेच असते. भाऊजी पुण्याचे, आयुष्यभर हिशेब तपासण्यात गेलेले. हाताला शाई लागली तर धावत बेसिनकडे जाणारा माणूस. त्यांनी तिघांत मिळून एक जुनी बोट घेतली, आणि आता नखांत काय असतं ते विचारू नका. मी त्या बोटीवर गेले तेव्हा मला भाऊजींचे फक्त पाय दिसले. बाकीचे भाऊजी पायऱ्यांमागच्या भोकात उलटे.

"अहो, पोहे गार होताहेत," ताई.

"आलोच. एअर काढतोय," आतून आवाज.

"सकाळपासून काढताहेत," ताई मला म्हणाली. "एवढी हवा सिंहगडावरसुद्धा नसेल."

हे एअर काढणं आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना नि ट्रकवाल्यांना नवं नाही. डिझेलच्या लाइनमध्ये हवेचा बुडबुडा शिरला की इंजिन चालत नाही. मग फिल्टरवरचा चिमुकला स्क्रू जरासा सैल करायचा आणि पंपाची दांडी अंगठ्याने वरखाली करत राहायची. स्क्रूपाशी आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांमधलं अंतर वाढतं, आणि शेवटी सलग, स्वच्छ डिझेल. तेवढ्यात स्क्रू कसायचा. हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हातात टॉर्च. भाऊजींचा दहा नंबरचा पाना मध्येच हातातून निसटला आणि टण, टण, डुबुक असा आवाज करत बोटीच्या पोटात गेला. आत आधीचे तीन पाने होते म्हणे. आपसांत खेळत असतील.

"भाऊजी, मग शीडच लावा ना," मी न राहवून म्हटलं. "वारा तर छान सुटलाय."

डोकं बाहेर आलं. कपाळावर ग्रीसचा पट्टा. "वेडी आहेस का? इंजिन धड नसताना बोट बाहेर काढतात का कुणी?" आणि डोकं परत आत. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. तेव्हा वारा पडला होता.

पण खरा धक्का पुढेच आहे. या बोटींना मागे भोक असतं! इंजिनाचा दांडा तिथून बाहेर पंख्यापर्यंत जातो, आणि दांड्याभोवती ग्रीस लावलेल्या दोरीची वेटोळी दाबून बसवतात. त्याला ग्लँड म्हणतात. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून दांडा फिरताना समुद्राचं पाणी थेंब-थेंब आत येतं. आपण किंचाळणार, तर ही माणसं शांतपणे म्हणतात, "यायलाच पाहिजे. त्यानेच दांडा गार राहतो." फार कसलं तर दांडा तापतो, फार सैल सोडलं तर बोटीत तळं होतं. मग मिनिटाला किती थेंब सभ्य आणि किती असभ्य, यावर दोन सुशिक्षित माणसं वाइनची बाटली संपेपर्यंत भांडतात. घरचा नळ गळतोय त्याबद्दल दोघांनाही काही म्हणायचं नसतं.

आणि तो इंपेलर! तळहातावर मावेल एवढं रबरी चक्र, कडेला पाकळ्या. ते फिरून समुद्राचं पाणी आत ओढतं आणि इंजिन गार ठेवतं. पाणी आत घेणारा वाल्व उघडायला विसरलात की ते कोरडं फिरतं आणि थोड्याच वेळात पाकळ्या तुटतात. नवं बसवून भागत नाही. तुटलेल्या पाकळ्या मोजायच्या, आणि सहापैकी चारच सापडल्या तर उरलेल्या दोन पुढच्या नळ्यांत कुठे अडकल्यात ते शोधत बसायचं, नाहीतर त्या पाण्याची वाट अडवणार. एका बाईंना लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याकडून डबी मिळाली. उघडली तर आत इंपेलर. "स्पेअर आहे," तो लाजून म्हणाला. बाईंनीही तो जपून ठेवलाय, यातच काय ते समजा.

सल्ल्यांचं तर विचारूच नका. धूर काळा असेल तर इंजिनावर भार फार किंवा हवा कमी, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. इथवर सगळ्यांचं एकमत. पण भार का वाढला? पंख्याला शंख-शिंपले चिकटले, असं एक सांगणार. पंखाच मुळात चुकीचा बसवलाय, असं दुसरा. तिसरा काहीच बोलत नाही, नुसता दुःखाने मान हलवतो, आणि सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. हिरव्या व्होल्वो पेंटा इंजिनाचे भक्त एकीकडे, राखाडी यानमारचे दुसरीकडे, आणि दोन्हींत रोटीव्यवहार अवघड. वाद फारच चिघळला तर नायजेल काल्डर यांचा बोटींच्या यंत्रांवरचा आणि विजेच्या कामांवरचा जाडजूड ग्रंथ उघडतात. तो पहिल्यांदा 1990मध्ये निघाला. बोटीवर साखर संपलेली चालते, काल्डर नसलेला चालत नाही.

एवढे सगळे तज्ज्ञ एका बोटीवर असूनही वेळ येतेच. मग रेडिओवर पुकारा करायचा. बोट बुडत नसेल तर 'मेडे' नाही, त्याच्या एक पायरी खालचं 'पॅन-पॅन'. मग आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेची नारिंगी-निळी बोट येते. ही संस्था 1824 सालची, चालते देणग्यांवर, आणि तिच्या बोटींवरचे बहुतेक जण स्वयंसेवक. जेवणाच्या ताटावरून उठून येतात, वाचवल्याचे पैसे मागत नाहीत. दोरी बांधून बंदरात ओढत आणतात तेव्हा धक्क्यावर सगळी बघी मंडळी हजर. लाजेनं मान खाली जावी की नाही? यांची मान वर! पुढच्या कथेचा मसाला जमला ना.

अमेरिकेत तर प्रकरण आणखी स्फोटक. तिथे शिडाच्या बोटींसाठी 'अटॉमिक फोर' नावाचं इंजिन निघायचं. चार सिलिंडरचं, आणि तेही पेट्रोलवर चालणारं. पेट्रोलची वाफ हवेहून जड, त्यामुळे ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून किल्लीला हात लावण्याआधी पंखा चालवून ती बाहेर घालवायची, आणि नाक खुपसून वास घ्यायचा. विसरलात तर नाव सार्थ. उत्पादन कधीच बंद झालं, पण जुनी इंजिनं जीव लावून चालवणारे भक्त अजून आहेत.

बरं, नावं ठेवावीत तर यात आपलाही हात! या पंथात ज्यांच्यापुढे सगळे कान धरतात ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची 32 फुटी 'सुहैली' बांधली कुठे? मुंबईत. आपल्या सुतारांनी, सागवानी लाकडात. 14 जून 1968ला ते एका शर्यतीसाठी इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि 22 एप्रिल 1969ला तिथेच परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले. शर्यतीत नऊ जण होते, पोचले एकटे हेच. वाटेत बॅटरी चार्ज करायच्या इंजिनातली एक बारीक फट नीट करायची होती आणि मापायचं साधन जवळ नव्हतं. या बाबाने पुस्तकाची पानं मोजली. 200 पानांची जाडी एक इंच, म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग. त्या हिशेबाने पानं घालून फट बसवली. त्या दिवसापासून ज्याला त्याला वाटतं, आपणही असंच काहीतरी करू. पुढे आपल्या नौदलातले दिलीप दोंदे शिकायला गेले ते यांच्याकडेच, आणि गोव्यात दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई'तून 2009-10मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. म्हणजे लागण घरापर्यंत आलेली आहे.

ससून डॉकवरच्या नाखव्याला मात्र यातली गंमत सांगायला जाऊ नका. त्याचं मशीन भर समुद्रात बंद पडलं तर खणातला बर्फ वितळतो, मासळीचा भाव उतरतो, खलाशांचा दिवस वाया जातो. तो जवळच्या बोटीला हाक मारतो, दोर घेतो, धक्क्यावर येऊन मिस्त्रीला बोलावतो. संपलं. पोट ज्याच्यावर चालतं त्याच्या बिघाडात कुणाला रस वाटत नाही.

मग या हौशी मंडळींना एवढा रस का? मला विचाराल तर गोम अशी आहे. शिडावर बोट नीट चालली नाही तर दोष कुणाचा? हाताचा. वारा सगळ्यांना सारखाच असतो आणि शेजारचा पुढे निघून गेलेला दिसत असतो. ती गोष्ट चारचौघांत कोण सांगेल? इंजिन बंद पडलं तर मात्र आपण निर्दोष. वर ते दुरुस्त केलं तर शूर, नाही झालं तर सोशिक. सांगणाऱ्याची अब्रू जाण्याची भीतीच नाही, अशी ही एकच कथा.

आणि खलनायकही ठरलेला: आधीचा मालक. वायरिंगचा गुंता त्याने केला, चुकीचा बोल्ट त्याने ठोकला, टाकी त्याने कधी धुतली नाही. अख्ख्या सोलेंटमध्ये त्याच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढत नाही. भाऊजींच्या तोंडी तर त्याच्या नावाने असे शब्द येतात, जे ताईने लग्नानंतर कधी ऐकले नव्हते.

परवा ताईचा फोन होता. भाऊजी आता मोठी बोट बघताहेत, ही विकायची म्हणतात. गिऱ्हाईकही आलंय, लीड्सचा एक तरुण, फार भोळा. टाकी धुतलीत का, असं ताईने विचारलं, तर भाऊजी म्हणाले, त्याचं तो बघेल.