पाण्यात पाहणारे

आमचं घराणं माळकरी. एकादशीला कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, अशा घरातून मी मत्स्यजीवशास्त्रात पीएचडी केली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नोंदणी झाली तेव्हा आईनं पेढे वाटले. पण विषय विचारणाऱ्यांना ‘पाण्यावर काहीतरी करतोय’ एवढंच सांगितलं. फॉर्मॅलिनची बरणी घरात येणार नाही, हा ठराव त्याच दिवशी एकमतानं मंजूर झाला. मतदानाचा हक्क अर्थातच मला नव्हता.

नमुन्यांसाठी मग मासळीबाजार गाठला. माशाची तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी घ्यायची, वजन करायचं आणि दोहोंचं गणित मांडायचं. त्यातला घातांक तीनच्या खाली घसरला, की मासा लांबीच्या मानानं हडकत चालला असं समजायचं. मी फूटपट्टी लावून रोहू मोजत होतो. मावशींनी बराच वेळ सहन केलं आणि म्हणाल्या, “घ्यायचा तर घ्या ओ सर. माप घेऊन काय सदरा शिवायलाव का त्याला?” मग अंगठ्यानं त्याचं गलफड उचकटून आतला लालभडक कल्ला दाखवला. माशाच्या तब्येतीवरचं इतकं आटोपशीर व्याख्यान मला विद्यापीठात कुणी दिलं नव्हतं.

तलावावर तर आमची जत्राच भरते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायला विंकलरची १८८८ सालची रीत आहे. बाटलीत एक द्रावण घातलं, दुसरं घातलं, की तपकिरी साका धरतो. आम्ल घातलं की पिवळं. स्टार्चचे थेंब टाकले की निळंशार. आणि मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहिलं, की एका थेंबाला सगळा निळा रंग गडप. ह्या शेवटच्या थेंबाला बघे हमखास श्वास रोखतात. जादू संपली, की पहिला प्रश्न येतो, “काय करलालाव सर? पाणी प्यायला चालतंय का?” आणि दुसरा, “वाम कुठं घावंल?”

अशाच एका सकाळी प्राणवायू फारच कमी भरला. रात्रभर शेवाळही तोच प्राणवायू वापरतं, त्यामुळे पहाटे तो तळाला जातो, वगैरे मी समजावत होतो. ट्यूबवर बसून जाळं आवरणारे भोई मामा म्हणाले, “ते ठावं हाय. पहाटं मासं वर येऊन तोंड वासलाल्ते.” माझ्या सगळ्या बाटल्यांचं उत्तर त्यांनी एका वाक्यात, विनाअनुदानित तत्त्वावर देऊन टाकलं.

खरं तर आमच्या भागातल्या प्राणिशास्त्रज्ञांचा जीव माशांपेक्षा माशांच्या आतड्यातल्या पट्टकृमींवर जडलेला. वामीच्या पोटात सेंगा नावाचा कृमी सापडतो. त्याच्या जातींची बारशी करताना आमच्या लोकांनी हात आखडता घेतला नाही: सेंगा गोदावरी, सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा पैठणेन्सिस. पुढे शहराचं नाव बदललं, कृमीचं मात्र तेच राहिलं. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांपुढे मंत्रिमंडळाचंही काही चालत नाही. नाथांच्या पैठणचं नाव एका जंताला दिलंय, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

नोकरी लागली लातुरात. इथं जीवशास्त्राला मरण नाही. लातूर पॅटर्नची पोरं माशाच्या हृदयाला कप्पे किती हे झोपेतही सांगतील. टेबलावर मासा ठेवून ‘हा कोणता’ विचारलं, तर पर्याय मागतात.

आणि मग आलं २०१६. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, पाणवठ्यांवर जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी रेल्वेनं लातुरात आलं. शहर स्टेशनाकडे डोळे लावून बसलेलं, आणि मी दरमहाचा तक्ता भरत होतो. पारदर्शकता: लागू नाही. सामू: लागू नाही. मत्स्यविविधता: लागू नाही. एका पाहुण्यांनी फोन करून अगदी मनापासून विचारलं, “रेल्वेच्या पाण्यात मासे येत नसतील ना हो? तेवढीच तुमची सोय.”

मरळ मात्र ह्या सगळ्याला पुरून उरते. तिला हवेतला प्राणवायू घेता येतो, त्यामुळे ओल्या चिखलातही ती तग धरून पडते. तासिका तत्त्वावर काम करणारे आमचे सहकारी तिच्याकडे फार आदरानं बघतात.

परवा एक विद्यार्थी विषय मागायला आला. अडचण अशी, की अमुक जलाशयाचे भौतिक-रासायनिक घटक आणि तेथील मत्स्यसंपदा, ह्या एका साच्यातून आमच्याकडे इतके प्रबंध निघालेत, की बहुतेक धरणं डॉक्टरांच्या नावावर चढली आहेत. शोधून शोधून त्याला त्याच्याच गावचा पाझर तलाव दिला.

“पण सर, त्यात पाणी नाही.”

म्हटलं, “प्रस्तावना लिहायला घे. तिला पाणी लागत नाही.”